मलिक अंबर, सिद्दी आणि 'आमच्यात रंगभेद नाही'

डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात एक मोगल चित्र आहे. चित्रकार अबुल हसन, काळ साधारण १६१६. बादशाह जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. त्याने धनुष्य ताणले आहे आणि समोर भाल्याच्या टोकावर एका काळ्या माणसाचे कापलेले मुंडके खोचले आहे. बाण थेट त्या मुंडक्याच्या तोंडात घुसला आहे. सोबत घुबडे काढली आहेत. मुंडके मलिक अंबरचे आहे.

असे काही कधी घडले नव्हते. चित्र काढले गेले तेव्हा अंबर जिवंत होता आणि मोगल फौजांना दख्खनमध्ये सळो की पळो करत होता. त्यानंतर तो दहा वर्षे जगला. १४ मे १६२६ रोजी, वयाच्या ऐंशीच्या घरात, तो आपल्या मरणाने गेला आणि खुलताबादला दफन झाला. जहांगीरला त्याचे मुंडके मिळाले ते फक्त कागदावर.

या चित्रावर फारसी ओळी लिहिल्या आहेत आणि त्यांत अंबरच्या रंगाचे नाते रात्रीशी जोडले आहे. जहांगीरच्या आत्मचरित्रातही अंबरचे नाव सहसा एकटे येत नाही. काळतोंड्या, काळ्या नशिबाचा असे काहीतरी शेपूट त्याला लावलेले असते. आता भाषेचा शिक्षक म्हणून एक गोष्ट मी बादशाहाच्या बाजूने सांगितली पाहिजे. फारसीत 'सियाह-रू' म्हणजे बेइज्जत झालेला. उर्दूत 'मुँह काला करना' आहे, मराठीत 'तोंड काळं करणं' आहे. म्हणजे ही शिवी कुणालाही देता येते आणि जहांगीरने बाकीच्या शत्रूंनाही कमी शिव्या घातलेल्या नाहीत. पण अंबरच्या बाबतीत ती शिवी दुहेरी काम करते, हे लिहिणाऱ्यालाही माहीत होते आणि वाचणाऱ्यालाही. शिवाय त्या पानांवर इराणी उमराव येतात, तुराणी येतात, राजपूत येतात. त्यांच्यातल्या किती जणांच्या चामडीचा रंग आपल्याला कळतो? रंगाची नोंद होते ती हबशाची. ज्याचा रंग लिहावाच लागत नाही, तो वरच्या जागी बसलेला असतो. विशेषाधिकार म्हणतात तो यापेक्षा फार वेगळा नसतो.

हे सगळे आठवण्याचे कारण असे की, भारतात काळ्या माणसाला वाईट वागवले जाते असे कुणी म्हटले की हमखास मलिक अंबरचे नाव पुढे केले जाते. बघा, आमच्याकडे आफ्रिकेतून आलेला गुलाम निजामशाहीचा पेशवा झाला! अमेरिकेत झाला असता का? मुसलमान हे अधिक अभिमानाने सांगतात, मराठी माणूसही सांगतो. अंबर हा प्रशस्तिपत्रासारखा भिंतीवर टांगला जातो आणि विषय संपतो. माझे म्हणणे आहे की अंबरचे आयुष्य नीट वाचले तर विषय तिथूनच सुरू होतो.

त्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगितले जाते. जन्म १५४८च्या सुमारास, हबश म्हणजे आजच्या इथिओपियात. लहानपणीच विकला गेला. तांबड्या समुद्राकाठचे मोखा, मग बगदाद असा त्याचा प्रवास झाला. तिथल्या मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला शिकवले आणि 'अंबर' हे नाव दिले. अंबर हा सुगंधी पदार्थ आहे. गुलामांना कस्तुरी, कापूर, मोती, माणिक अशी नावे देण्याची रीतच होती. याकूत म्हणजे माणिक, जौहर म्हणजे रत्न. बाजारात मांडायच्या वस्तूंची ही नावे आहेत. आपण ती आज मुलांना हौसेने ठेवतो, तेव्हा हा भाग मनात येत नाही.

१५७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने विकत घेतले. हा चंगेजखानही हबशीच होता आणि त्याच्याकडे असे सुमारे हजार हबशी गुलाम होते. हे लोक इतक्या संख्येने दख्खनमध्ये का आणले गेले, याचे उत्तर इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी व्यापारात शोधले आहे. हबशच्या श्रीमंतांना हिंदुस्थानी कापड हवे होते आणि त्याच्या बदल्यात द्यायला त्यांच्याकडे सोने, हस्तिदंत आणि माणसे होती. दुसरीकडे दख्खनच्या सुलतानांना असे सैनिक हवे होते ज्यांना इथे भाऊ नाही, चुलता नाही, गाव नाही. ज्याचे कुणीच नाही तो मालकाशी इमान राखतो, असा तो हिशेब. औदार्याचा त्यात काही संबंध नव्हता. सोलापूर-पैठणच्या बाजूच्या मागावर विणलेले एखादे लुगडे समुद्रापार जाऊन एखाद्या पोराची किंमत ठरले असेल, हा विचार मला तरी सहजासहजी झटकता येत नाही.

चंगेजखान मेल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. पुढची कथा पाठ्यपुस्तकांत थोडीफार येते. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडले. अंबरने निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून त्याला दुसरा मुर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि पंचवीस वर्षे ते राज्य स्वतः चालवले. जमीनमहसुलाची घडी बसवली, खडकी हे शहर वसवले, तिथे नहर आणली. गनिमी काव्याने मोगलांना दमवले. १६२४च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी होते. शरीफजी तिथेच पडले. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त अंबरच्या पराक्रमाचे आदराने वर्णन आहे. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने १६१०च्या सुमारास लिहून ठेवले आहे की अंबरकडे त्याच्या स्वतःच्या जातीचे दहा हजार आणि दख्खनी चाळीस हजार सैन्य आहे. त्या चाळीस हजारांत मराठे मोठ्या संख्येने होते. अंबर मराठ्यांच्या इतिहासात परका नाही, हे म्हणणे शंभर टक्के खरे आहे.

पण त्याच खडकीच्या, दौलताबादच्या काळातली दुसरी एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. मुर्तजा निजामशाहाची थोरली बेगम इराणी, गोरी होती. त्या काळच्या डच नोंदीप्रमाणे महालात भांडण झाले, तेव्हा तिने अंबरच्या मुलीला काळी गुलाम पोर म्हणून हिणवले आणि तुझा बाप बंडखोर होता असे सुनावले. मुलीने ते बापाच्या कानावर घातले. अंबरने बेगम आणि सुलतान दोघांनाही विष देऊन मारवले आणि मुर्तजाचा लहानगा मुलगा गादीवर बसवला. हे १६१०च्या सुमारास घडले.

अंबरने केले ते भयंकरच. पण त्या बेगमेच्या तोंडचे शब्द पाहा. समोरची मुलगी राज्यातल्या सर्वांत ताकदवान माणसाची लेक आहे, सुलतानाची लग्नाची बायको आहे. बाप हजारो तलवारींचा धनी आहे. तरीही राग आला की ओठांवर पहिले काय येते? रंग आणि गुलामी. बेगमेजवळ फौज नव्हती, खजिना नव्हता. तिच्याजवळ एवढेच होते की ती गोरी आणि इराणी होती आणि ते पुरेसे आहे असे तिला वाटत होते.

तिला तसे वाटण्यामागे दोनशे वर्षांचा दरबार उभा होता. बहमनी काळापासून दख्खनचा दरबार दोन गटांत फाटलेला होता. इराण, अरबस्तान, मध्य आशियातून आलेले ते आफाकी आणि इथले ते दख्खनी. गंमत अशी की हबशी हेही समुद्रापलीकडूनच आलेले, पण त्यांची गणना आफाक्यांत झाली नाही. ते दख्खन्यांच्या गोटात राहिले. बाहेरून येणे हा मान होता, पण कुठून आलात यावर तो अवलंबून होता. शिराझहून आला तर मान, हबशातून आला तर नाही. महमूद गावानसारखा विद्वान वजीर या गटबाजीत १४८१ मध्ये मारला गेला, तेव्हा दोष एकाच बाजूचा होता असे मी म्हणत नाही. हबशी सरदारही राजकारणात कुणाला मागे नव्हते.

दिल्लीत तर हे त्याहून आधी घडले होते. रजिया सुलतानने जमालुद्दीन याकूत या हबशाला अमीर-ए-आखूर, म्हणजे शाही घोडपागेचा प्रमुख केले आणि तुर्की अमीर खवळले. १२४० मध्ये याकूत मारला गेला, रजियाची गादी गेली. सिनेमावाल्यांनी यात प्रेमकहाणी शोधली. मला त्यात वेगळेच दिसते. हे तुर्की अमीर कोण होते? त्यांतले कितीतरी जण अल्तमशने बाजारातून विकत घेतलेले गुलाम होते. अल्तमश स्वतः गुलाम म्हणून विकला गेला होता. म्हणजे गुलामीची त्यांना लाज नव्हती. एका गुलामाला दुसरा गुलाम खपत नव्हता, कारण दुसऱ्याचा रंग वेगळा होता. इंग्रज यायला अजून साडेतीनशे वर्षे होती. 'हा रंगबिंग सगळा गोऱ्या साहेबाने आणला' असे म्हणणाऱ्यांनी हे साल वहीत लिहून ठेवावे. साहेबाने त्याला शास्त्राचा मुलामा दिला, कायदा दिला, आगगाडीचे वेगळे डबे दिले, हे खरे. जमीन आधी नांगरलेली होती.

अंबर मेल्यावर जहांगीरचाच इतिहासकार मुतमदखान याने त्याची मोकळ्या मनाने तारीफ केली. युद्धात, कारभारात त्याला तोड नव्हती, असे लिहिले. आणि पुढे असेही लिहिले की हबशी गुलाम इतक्या उंचीवर पोहोचल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही. लोक हे वाक्य अंबरचा गौरव म्हणून वाचतात. मुतमदखान मात्र तो किती एकटा होता हे सांगत होता. अपवादाकडे बोट दाखवून नियम नाकारता येत नाही. हे व्याकरणात आम्ही पाचवीच्या मुलांना शिकवतो.

मग बाकीचे हजारो हबशी कुठे गेले? जे सरदार झाले, त्यांनी इथल्या बायका केल्या, वतने मिळवली, दोन-चार पिढ्यांत ते दख्खनी मुसलमानांत मिसळून गेले. आज कुणाच्या घरात त्यांचे रक्त आहे ते कुणी सांगू शकत नाही आणि सांगू इच्छितही नाही. जंजिरा आणि गुजरातेतले सचिन यांसारखी नबाबी घराणी तेवढी वेगळी ओळखली जात राहिली. जे गरीब राहिले, ते सिद्दी राहिले. उत्तर कानडा जिल्ह्यातल्या जंगलात, सौराष्ट्रात, हैदराबादच्या एसी गार्ड्स मोहल्ल्यात. या मोहल्ल्याच्या नावातले 'एसी' म्हणजे आफ्रिकन कॅव्हलरी, निजामाचे हबशी घोडदळ. थोडक्यात, पैसा आला की रंग विसरला गेला आणि गरिबी राहिली तिथे रंग लक्षात राहिला.

शब्दांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. 'सिद्दी' हा अरबी 'सय्यिदी'वरून आला, अर्थ 'माझे धनी'. 'सय्यद' हाही त्याच मुळाचा. एका मुळातून दोन शब्द निघाले. एक नावाआधी लावायला लोक वंशावळी शोधतात आणि दुसरा कुणी आपल्याला चिकटवला तर भांडण होते. 'हबशी' हे देशाचे नाव होते, ते आपल्याकडे दांडग्या, काळ्या माणसाला मारायची हाक झाली. दिल्लीत काळपट मिठाईला हबशी हलवा म्हणतात. आणि 'काफिर'? अरब व्यापारी पूर्व आफ्रिकेतल्या मुसलमान नसलेल्या लोकांना हा शब्द वापरत. पोर्तुगीजांनी तो उचलून 'काफ्र' केला, गोव्यात तो 'खापरी' झाला आणि दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या तोंडी तो काळ्यांसाठी इतकी घाण शिवी बनला की आज तिथे तो उच्चारणे कायद्याने महागात पडते. एक धार्मिक शब्द चामडीचा शब्द झाला. त्याची पहिली पायरी आपल्याच व्यापाऱ्यांनी बांधली, हे मान्य करायला मुसलमान वाचकाला जड जाईल, पण इलाज नाही.

नाशिकच्या शरणपूर भागाचीही आठवण काढतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रज आरमार अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडी आणि सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवी. त्यांतली बरीच शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, सुतारकी-लोहारकी शिकली. त्यांना नवी, इंग्रजी नावे मिळाली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा १८७३ मध्ये आफ्रिकेत डॉ. लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाल्यानंतरच्या तांड्यात होता. झाडावर मृत्युलेख कोरणारा तोच आणि शव घेऊन इंग्लंडपर्यंत जाणाराही तोच. १८७५ नंतर यातले अनेक जण मोम्बासाजवळच्या फ्रिअर टाउनमध्ये वसवले गेले आणि तिथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. इथे ते आफ्रिकी होते, तिथे मुंबईकर. शरणपूर रोडवर आज दुकाने आहेत, क्लासेस आहेत. त्या मुलांची गोष्ट मी नाशिकच्या कुणा विद्यार्थ्याच्या तोंडून अजून ऐकलेली नाही.

आता अलीकडे येऊ. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या खिडकी एक्स्टेंशनमध्ये दिल्लीचे एक मंत्री मध्यरात्री लोकांना घेऊन आफ्रिकी बायकांच्या घरांवर गेले. जानेवारी २०१६च्या अखेरीस बंगळुरूत एका सुदानी विद्यार्थ्याच्या गाडीखाली एक बाई मेली आणि जमावाने नंतर तिथे पोहोचलेल्या टांझानियाच्या मुलीला मारले, तिचे कपडे फाडले. तिचा गुन्हा एवढाच की ती काळी होती. तरी राज्याच्या गृहमंत्र्यांनी हा वंशद्वेषी हल्ला नसल्याचे सांगितले. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये घुसून बदडले. त्याआधी अफवा अशी होती की या लोकांनी तो मुलगा खाल्ला! विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकात, राजधानीच्या दाराशी. आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी याला वंशद्वेष म्हटले, तेव्हा सरकारला हल्ल्याइतकेच, कदाचित जास्तच, त्या शब्दाचे दुःख झाले. त्याच सुमारास एका माजी खासदारांनी टीव्हीवर बचाव केला की आम्ही वंशद्वेषी असतो तर दक्षिण भारतीयांबरोबर कसे राहिलो असतो, आमच्या आजूबाजूला काळे लोक आहेतच की. त्यांनी नंतर माफी मागितली. पण त्या वाक्यातला 'आम्ही' कोण, आणि 'आजूबाजूला' कोण?

क्रिकेटचे उदाहरण लोकांना लवकर पटते. वेस्ट इंडीजचा डॅरेन सॅमी आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळला. त्याला तिथे 'कालू' म्हणत आणि त्याला वाटे की याचा अर्थ काहीतरी दणकट, तगडा असा असेल. २०२०च्या जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर, त्याला खरा अर्थ कळला. मग एका सहकाऱ्याचा फोन आला आणि सांगणे असे की ते सगळे प्रेमापोटी होते. प्रेमापोटीच असणार, मी नाकारत नाही. आमच्या वर्गांतही प्रत्येक तुकडीत एक 'काल्या' असतो आणि त्याला तसे म्हणणारे त्याचे मित्रच असतात. त्याला विचारून नाव कुणी ठेवलेले नसते.

मुसलमानांमध्ये या सगळ्याला एक खास उत्तर तयार असते आणि ते म्हणजे हजरत बिलाल. इस्लामचे पहिले मुअज्जिन हबशी होते. पैगंबर साहेबांनी अखेरच्या हजच्या प्रवचनात गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही असे बजावले. हे खरे आहे आणि अभिमानाचे आहे. पण शिकवण आहे म्हणजे आचरण झाले, असे होत नाही. रिवायतीत येते की हजरत अबू जर यांनी एकदा रागात एका माणसाला त्याच्या आईच्या रंगावरून टोचले (भाष्यकार तो माणूस बिलालच होते असे सांगतात), तेव्हा पैगंबर साहेबांनी त्यांना सुनावले की तुझ्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. इतक्या जवळच्या सहाबीत ती शिल्लक असू शकते, तर आपल्यात नाही हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो? पुढे अब्बासी काळात बसऱ्याच्या खारजमिनीत राबणाऱ्या जंज गुलामांनी ८६९ मध्ये बंड केले आणि ते चौदा वर्षे चालले. त्याच बसऱ्याच्या अल-जाहिजने काळ्यांच्या बाजूने एक अख्खा निबंध लिहिला आणि त्यात जंजांच्या तोंडून अरबांना विचारले की अज्ञानकाळात तुम्ही आम्हाला मुली देत होता, मग न्यायाचा धर्म आल्यावर ते अयोग्य कसे ठरले? अकराशेहून अधिक वर्षे झाली. आपल्या शहरातल्या कुठल्याही उर्दू वर्तमानपत्राची 'जरूरत-ए-रिश्ता' पुरवणी उघडा. 'खूबसूरत, गोरी, सय्यद खानदान' ही तीन विशेषणे एका ओळीत नांदताना दिसतील. आणि गावोगावचे आमचे शजरे इराण-अरबस्तानपाशी जाऊन थांबतात. हबशातून आलो असे सांगणारा शजरा मी अजून पाहिलेला नाही. इतके हबशी या मातीत मिसळले, तरी एकाही घराला तो आजोबा नको आहे.

आपण स्वतः भेदभाव सोसतो, घर भाड्याने मिळत नाही, नावावरून कपाळाला आठ्या पडतात, म्हणून आपण कुणावर अन्याय करू शकत नाही, अशी एक समजूत आपल्यात आहे. दुसरीकडे बहुसंख्याकांना वाटते की वंशद्वेष ही अमेरिकेतली गोष्ट, आपल्याकडे फार तर चेष्टा. दोघांचाही हात शेवटी मलिक अंबरच्या तसबिरीकडे जातो.

दरम्यान सिद्दींबद्दल सरकारने एक प्रयोग केला. १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने एका योजनेखाली सिद्दी मुले निवडून त्यांना धावण्या-उड्यांचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. कल्पना अशी की आफ्रिकी रक्त आहे, ऑलिम्पिक पदके आणतील. काही मुलांनी राष्ट्रीय पातळीवर चमक दाखवली. १९९३ मध्ये योजना बंद पडली आणि मुले घरी परतली. चारशे वर्षांपूर्वी त्यांचे बाहुबळ तलवारीसाठी हवे होते, आता मैदानासाठी. कर्नाटकातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ उजाडले आणि विधान परिषदेत पहिला सिद्दी, शांताराम सिद्दी, नियुक्त झाले ते २०२० मध्ये.

सातवीच्या वर्गात अंबरचा उल्लेख आला की मी ते डब्लिनचे चित्र मोबाईलवर दाखवतो. मागच्या वर्षी एका मुलीने विचारले, "सर, एवढा मोठा माणूस होता तर बादशाहाने त्याचा चेहरा असा का काढायला लावला?" शेजारच्या बाकावरचा पोरगा लगेच म्हणाला, "अगं, तो तसाच होता." वर्ग हसला. तास संपायला वीस मिनिटे होती. गनिमी काव्याचा भाग बाजूला ठेवला आणि ती वीस मिनिटे त्या 'तसाच'वर घालवली.